अकरा नंबरच्या खोलीचा पडदा

तीर्थस्वरूप वन्सं,

तुमच्या पायांवर डोकं ठेवते (डोकं इथं आणि पाय तिथं, मधलं अंतर टपालवाल्यांनी सांभाळून घ्यावं). इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय आणि तुम्ही खुर्चीपासून खिडकीपर्यंत जाऊन परत येता, एवढ्यालाच चालणं म्हणता, असं कानावर आलं. कुणी सांगितलं ते विचारू नका, मी नाव फोडणारी बाई नाही (तुमच्या खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी सांगितलं).

बातमी अशी, की मी जानेवारीत भूमध्य समुद्रातल्या बेटांवर चाललेय. चष्मा पुसा आणि परत वाचा, तेच लिहिलंय. चाललेय म्हणजे काय, सगळं ठरलंय, फक्त एका ठिकाणी अडलंय. घरातून अट आहे की एकटीनं जायचं नाही. येत्या शुक्रवारपर्यंत सोबतीचं नाव तिकीटवाल्याला दिलं नाही, तर जाणं रद्द. म्हणून हे पत्र घाईघाईत लिहितेय (घाईघाईत म्हणजे कालपासून).

आता तुम्ही म्हणाल, हिला हे खूळ शिरलं कुठून? तर जानेवारीत आपल्या शिवणाच्या दुकानाला काम नसतं. ज्याच्या कोटाची चेन तुटायची ती डिसेंबरातच तुटून झालेली असते. तुमचे बंधुराज गेल्यापासून तीन वर्षं मी त्या रिकाम्या जानेवारीत काय करते, तर बटणांच्या बरण्या उपड्या करते आणि परत भरते. यंदा म्हटलं, पुरे. चिरंजीवांना घेऊन तिकीटवाल्याकडे गेले. त्याच्या भिंतीवर निळ्याशार पाण्याचं एवढं मोठं चित्र. आमच्या गावच्या शाळेतल्या नकाशाला नेमकं त्याच जागी भोक होतं, त्यामुळे भूमध्य समुद्र म्हणजे भिंतीचा चुना, असंच मी चौथीपर्यंत धरून चालले होते. तो निळा असतो हे या वयात कळलं. मी बोट ठेवून म्हटलं, इथं जायचंय, जानेवारीत. तिकीटवाला म्हणाला, "आजी, जूनमध्ये जा हो. हिवाळ्यात तिकडे काही नसतं. हॉटेलं बंद, दुकानं बंद, किनाऱ्यावरच्या छत्र्यासुद्धा मिटलेल्या." मी विचारलं, "आणि समुद्र?" तो म्हणाला, "समुद्र असतो." "मग झालं तर!" यावर त्यानं चिरंजीवांकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांकडे टाकतात.

तरी माणूस चांगला. त्यानं तीन बेटांची माहितीपुस्तकं हातात दिली: मोठं, मधलं आणि धाकटं. मोठ्यावर विमान उतरतं, मधल्यावर बोट थांबते, आणि धाकट्यावर आठवड्यातून दोनदा बोट जाते, तीही वाऱ्याची मर्जी असेल तर (धाकट्यांचे लाड सगळीकडे सारखेच). मी पुस्तक घेऊन दुकानात आले, तोंडात टाचण्या, मांडीवर कुणाची तरी पँट, आणि पानं उलटतेय तोच धाकट्या बेटावरच्या एका हॉटेलचा फोटो दिसला. अकरा नंबरची खोली. पलंग छान, खिडकीत समुद्र छान, आणि पडदा डावीकडून चांगला दीड इंच आखूड! वन्सं, तुम्हाला सांगते, मला मग समुद्र दिसेचना. दोन दिवस जेवताना, झोपताना, तो पडदा डोळ्यांपुढे. एवढी खिडकी, एवढा उजेड, आणि दुमड घालताना बाई (की बुवा) कुठं बघत होती?

शेवटी सूनबाईंना म्हटलं, तुमच्या फोनवरून त्या हॉटेलवाल्याला लिहा. त्या म्हणाल्या, "आई, अनोळखी माणसाला पडद्याबद्दल कसं लिहायचं?" मी म्हटलं, ओळखीच्या माणसाला लिहिलं तर भांडण होईल, म्हणून अनोळखीच बरा. तो फोन आपलं बोलणं त्यांच्या भाषेत करून देतो आणि त्यांचं आपल्या. (तुम्हाला पटणार नाही, पण तुमच्यापेक्षा कमी चुका काढतो.) दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. म्हातारा एकटाच असतो तिथं. नोव्हेंबर ते मार्च हॉटेल बंद, तो आणि रंगाचे डबे. त्यानं शिडी लावून टेप धरला होता आणि लिहिलं होतं, "दीड नाही, सव्वा इंच." मी फोटोवरून बोलतेय, तो टेपवरून, आणि फरक पाव इंचाचा! मग त्यानं सगळेच पडदे मोजले. बिचाऱ्याचे अडतीसच्या अडतीस वाकडे निघाले. इतकी वर्षं सुखात होता. हिवाळ्यात बेटावर शिवणारं कुणी नाही, मशीन मात्र आहे, त्याच्या आईचं. तर बोलणं असं ठरलं, की मी तीन आठवडे यायचं, पडदे नीट करायचे, आणि त्यानं अकरा नंबरची खोली, स्वयंपाकघराची किल्ली आणि शेकायला वाळलेली जाड लाकडं द्यायची. खोलीत पलंग दोन आहेत.

राहिली सोबत. आधी शेजारच्या नर्सबाईंना विचारलं. त्या लगेच तयार. संध्याकाळी यंत्र घेऊन आल्या, घरातल्या सगळ्यांचं ब्लडप्रेशर मोजलं, आणि माझं बोटीत बसण्यासारखं नाही असं जाहीर केलं. मी म्हटलं, आता तुमचं मोजा. मोजलं. ते तर खुर्चीत बसण्यासारखंही नव्हतं. मग विहीणबाई. त्यांनी चार बॅगा काढल्या, दोन भरल्यासुद्धा, आणि मग हळूच विचारलं, "बेटाला पाणी कुठल्या बाजूनं असतं?" मी म्हटलं, "चारी." "चारी?" "चारी." बॅगा परत माळ्यावर गेल्या. त्या दिवसापासून माझ्याशी जरा जपून बोलतात, जणू पाणी मीच सोडलंय.

तर अशी गत आहे. सोबत मिळाली तर जाईन, नाहीतर बटणांच्या बरण्या आहेतच. तब्येतीला जपा, खिडकीच्या पुढेही जग आहे हे गुडघ्याला सांगा.

तुमची थट्टेखोर पण गुणी भावजय

ता. क. लेकीकडे जाऊन आल्यापासून तुमचा पासपोर्ट कपाटात नुसता पडून आहे. त्याला हवा लागली पाहिजे. तुम्ही येताय का?

ता. क. आणखी एक. विचारते म्हणजे रीत म्हणून विचारते. तिकीटवाल्याला तुमचं नाव मी परवाच दिलंय. शुक्रवार-बिक्रवार काही नाही. बोटीत गुडघा लांब करता येईल अशी जागा सांगितली आहे. ओरडायचं असेल तर समोर येऊन ओरडा.

ता. क. शेवटचं. घरातून अट आहे असं वर लिहिलं, ते खरंच आहे, मीही घरातच राहते. चिरंजीव तर म्हणतात, आई, तू एकटी गेलीस तर काळजी त्या बेटाची. पण वन्सं, अडतीस पडदे मी एकटी शिवीन हो, त्यात काय? शिवून झाल्यावर चष्मा कपाळावर चढवून "हे काय, झोल आलाय, उसव" म्हणणारं तिथं कुणी नसेल. तुमचा भाऊ गेल्यापासून तुम्ही दुकानाची पायरी चढला नाहीत. तीन वर्षं माझं सगळं पहिल्या झटक्यात बरोबर निघतंय, आणि मला ते अजिबात आवडत नाही.