फिशपॉन्डची चिठ्ठी

६ फेब्रुवारी, गुरुवार

मीच लिहिली. इथं तरी खरं लिहिते — ती चिठ्ठी मी लिहिली.

गॅदरिंगचा दुसरा दिवस. फिशपॉन्ड. ज्याची खेचायची त्याचं नाव घालून चिठ्ठी डब्यात टाकायची, आपलं नाव घालायचं नाही. अमृत स्टेजवरून एकेक वाचत होता. सरांच्या टकलावर, कुणाच्या उंच टाचांवर, कॉपीवर — हसून हसून पोट दुखलं. मग माझी निघाली. "वृषाली, व्हॅलिडिटी आली म्हणं! आता पुस्तकं रद्दीत घाल की!"

काय त्या शिट्ट्या! मागची पोरं बाकं बडवायला लागली. जातीच्या दाखल्याची व्हॅलिडिटी, हे कुणाला सांगावं लागलं नाही. वृषाली माझ्या शेजारीच बसलेली. माझीच साडी नेसून! ती हसली पण, सगळ्यांसारखी. मग कार्यक्रम संपेपर्यंत पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

तीन वर्षं झाली, तामलवाडीहून एकाच बसनं येतो आम्ही. डबा दोघींत. आणि मी हे लिहिलं. कशासाठी? विद्यापीठाच्या वादविवादाला कॉलेजातून एकच नाव जायचं होतं. तिचं गेलं. बस्स, एवढ्यासाठी. ती माझ्यापेक्षा चांगली बोलते म्हणून गेलं. हे मला चिठ्ठी लिहिताना पण माहीत होतं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बसमध्ये तिनं विचारलं, "कोण असंल गं?"

मी म्हणाले, "असतील पोरं. जाऊ दे ना." वर आणि म्हणाले, मनावर घेऊ नको! जीभ कशी झडली नाही माझी!

घरी रामहरीकाका जेवताना परत तेच — "त्यांचं काय बाबा, त्यांना सगळं आयतं!" आणि हेच काका दोन महिने तहसीलला खेटे घालतायत. पणजोबांची कुणबी नोंद सापडावी म्हणून. म्हणजे आम्हाला पण दाखलाच पाहिजे! हे असलं ऐकत ऐकतच मोठी झाले मी. पण काकांनी थोडाच माझा हात धरून ती चिठ्ठी लिहून घेतली?

८ फेब्रुवारी, शनिवार

वृषालीनं भित्तिपत्रकावर एक कागद लावला. "ही गंमत कुणाची?" अर्धं पानच. आजोबांच्या शाळेतली नोंद शोधायला चौदा महिने लागले, पुस्तकं त्या चकरांमध्येच बसमध्ये वाचली, ती मी रद्दीत घालणार नाही — असं. खाली स्वतःचं पूर्ण नाव, वर्ग, रोल नंबर.

अकरा वाजायच्या आत महालिंगप्पा सरांनी काढला. गॅदरिंगचे प्रमुख तेच. म्हणाले, "असल्या कागदानं वातावरण बिघडतं."

परवा स्टेजवर हेच सर माईक घेऊन सांगत होते, "पोरांना बोलायचं स्वातंत्र्य आहे, कुणी राग मानायचा नाही!" बिननावाची चिठ्ठी चालते. नाव घातलेला कागद चालत नाही. वा रे स्वातंत्र्य!

हे सगळं डोक्यात आलं, तोंडात नाही आलं. चार हातांवर उभी होते मी. टाचण्या निघताना बघत होते.

१० फेब्रुवारी, सोमवार

तिनं लेखी तक्रार दिली. चिठ्ठी कुणी लिहिली ते शोधा म्हणून.

आणि आत्ता लिहिता लिहिता ध्यानात आलं — व्हॅलिडिटी आल्याचं कॉलेजात माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं! धाराशिवला आणायला मीच गेले होते तिच्यासोबत. ऑफिसातून बाहेर येऊन तिनं मला मिठी मारली होती. आम्ही भजी खाल्ली, पैसे तिनं मला देऊच दिले नाहीत.

अगं बाई गं. तिच्या अजून लक्षात आलं नसेल. तिला कळायच्या आत आपणच सांगायला पाहिजे.

११ फेब्रुवारी

आज सांगणार होते. नाही सांगितलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सरांनी बोलावलं. वाटलं, संपलं! तर म्हणाले, "शिवांजली, तू तिची मैत्रीण ना? समजाव तिला. उगं पेपरात-बिपरात आलं तर पोरीलाच त्रास. 'गैरसमजातून तक्रार केली' एवढं लिहून आण." कागद पण त्यांनीच दिला.

आणि मी गेले! तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्या घरी. आमच्या घरापासून चालत सात मिनिटं. ती आमच्याकडं कितीदा आली, ओसरीवर बसून गेली. आत ये असं कुणी म्हणालं नाही. मी पण नाही.

तिची आई बनाबाई, काय करू नि काय नको असं झालं त्यांना. चुलीपाशीच पाट दिला. चहा, वर शेंगदाण्याची पोळी. वडील प्रेमानंदकाका एसटीत मेकॅनिक, नुकतेच ड्युटीवरून आलेले. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या मनात न्हवतं मागं घ्यायचं. पण तू सांगतीस म्हंजे तिच्या भल्याचंच असंल, पोरी."

मी उरलेली पोळी ताटलीत ठेवून दिली.

वृषाली माझ्याकडं बघत राहिली. लई वेळ. मग म्हणाली, "तुला काय वाटतं, मागं घेऊ?"

"घे," मी म्हणाले.

तिनं सही केली. मी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. सरांना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, शाब्बास.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अजून एक. सर म्हणाले, "वादविवादाला वृषालीऐवजी तुझं नाव पाठवू का? ती जरा वादात सापडलीय."

मी नको म्हणाले. पण लगेच म्हणाले नाही. मधे जो वेळ गेला ना, त्यात मी कुठली साडी नेसायची इथपर्यंत जाऊन आले. थू माझ्यावर!

१५ फेब्रुवारी

आता सोमवारी. काय व्हायचं ते होऊ दे. मैत्री तुटली तर तुटली, ती माझ्याच हातानं तुटलीय.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बसमध्ये सांगितलं. "चिठ्ठी मी लिहिली होती."

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "माहितीय. तक्रार दिली त्या रात्रीच ध्यानात आलं."

"मग मी आले तेव्हा सही का केलीस?"

"तुझं नाव निघालं असतं. मग तू रडली असतीस. आणि सगळं कॉलेज तुझीच समजूत काढत बसलं असतं. ते मला बघायचं न्हवतं."

मला रडूच फुटलं. आवरेना. पलीकडच्या सीटवरच्या मावशी उठून आल्या, मला पाण्याची बाटली दिली, पाठीवरून हात फिरवला. आणि वृषालीला म्हणाल्या, "काय बोललीस गं तिला? बिचारीला किती रडवलंस!"