शेवटच्या गाण्यातली डरकाळी

२ जानेवारी, सकाळ
नव्या वर्षाचा संकल्प : चौथा अल्बम, आणि त्याच्या शेवटी ती डरकाळी. पुन्हा एकदा, तशीच, घशाच्या तळातून. बाकीचे संकल्प (व्यायाम, चहा कमी, दर रविवारी आईला फोन) दुय्यम.
जरा खोकला आहे. थंडीचा.

५ जानेवारी
बँडचा इतिहास कुणीतरी लिहून ठेवायलाच हवा. बाकीच्यांना जमणार नाही म्हणून मीच लिहितो. आमचा गॉथिक मेटल बँड : ‘तळघर’. पहिला अल्बम ‘माती’. त्यात सुरुवातीपासून मी नुसता गुरगुरतो आणि शेवटच्या गाण्यात ती लांबलचक डरकाळी. लोक अजून तिच्यावर जीव टाकतात. दुसरा ‘मातीखाली’. कीबोर्ड आला, बायको दोन गाणी साध्या आवाजात गायली. तिसरा ‘मातीखालचा गारवा’. व्हायोलिन आलं, बायको जवळजवळ सगळंच गायली, मी मधूनमधून. याला उत्क्रांती म्हणतात. ही दिशा माझी. बायकोनं फक्त सुचवली होती.

११ जानेवारी, ऑफिस
फ्रीज दुरुस्तीच्या कंपनीत तक्रारींचे फोन घेणं हे माझ्यासारख्याचं काम नव्हे, पण असो. आज एका बाईंनी माझं ‘नमस्कार’ ऐकून फोन ठेवला. मग परत फोन लावून विचारलं, तुमच्याकडे कुणी गेलंय का. आवाजात मृत्यू उतरलाय! सात वर्षांची साधना.

१९ जानेवारी, संध्याकाळ
रिहर्सल. फर्निचरच्या दुकानाखालची खोली. भिंतींना ओल, एक ट्यूब सारखी लुकलुकते, कोपऱ्यात दारं नसलेली कपाटं उभी. डरकाळी मारून पाहिली. पहिल्यांदा खुर्ची फरफटल्यासारखा आवाज आला. दुसऱ्यांदा नुसती हवा.
मेहुणा ड्रमवर असतो. तो आपल्या काठ्यांकडे बघत बसला. बायको पाणी प्यायला म्हणून वर गेली, तिच्या मागोमाग हाही गेला. जिन्यात दोघं कुजबुजत होते. मी दिसताच गप्प.
काहीतरी शिजतंय.

२० जानेवारी
बेसिनमध्ये थुंकी गुलाबी. टूथपेस्टचा रंग असणार. (टूथपेस्ट पांढरी आहे. पण ब्रश लाल आहे.)

४ फेब्रुवारी
आजपासून रोज सराव, बाथरूममध्ये, नळ सोडून. शेजारच्यांनी प्लंबर पाठवला.
आईला फोन केला. कोण बोलतंय, म्हणाली. मी, म्हटलं. तर म्हणते, माझ्या मुलाला द्या.

९ फेब्रुवारी
बायकोचा प्रस्ताव : चौथ्या अल्बममध्ये डरकाळी नकोच. पियानो, चेलो, तिचा आवाज, आणि मी फक्त शब्द लिहायचे. डाव ओळखला. एकेका अल्बममध्ये मला थोडंथोडं पुसत आणलंय या बहीण-भावानं. स्पष्ट सांगितलं की ‘माती’च्या वेळी तू चहा आणून देत होतीस, ती डरकाळी नसती तर आज ‘तळघर’चं नावही कुणी घेतलं नसतं. ती काहीतरी बोलणार होती. मग वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालू लागली. एकच टॉवेल तीनतीनदा.

२६ फेब्रुवारी
साहेबांनी फोनवरून काढून चॅटवर बसवलं. आता तक्रारींना टाइप करून उत्तरं द्यायची. बढतीच म्हणायची, या खुर्चीला हात आहेत.
गिळताना घशात काहीतरी आडवं येतं. रात्री झोपेत मी शिट्टी वाजवतो, असं बायको म्हणते. मला शिट्टी वाजवता येत नाही.

४ मार्च
बायकोनं धरून घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नळीच्या टोकाला कॅमेरा. पडद्यावर लाल, सुजलेलं, आणि एका बाजूला गाठ. अल्बमच्या कव्हरला काय शोभेल! या घशाचं नेमकं करता काय, असं बाईंनी विचारलं. मी समजावलं. त्यांनी पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, आणखी एक डरकाळी मारलीत तर साधं बोलणंही राहील की नाही सांगता येत नाही. गाठ काढून तपासावी लागेल.
डॉक्टर असंच घाबरवतात. बायको तेवढ्यात औषधाच्या दुकानात गेली होती. तिला सांगितलं, जपून राहा म्हणाल्या.
रेकॉर्डिंग ९ तारखेला. आधी डरकाळी, मग गाठ.

९ मार्च, दुपार, स्टुडिओ
बाहेरच्या बाकावर बसून लिहितो.
काचेआड उभा होतो. कानांवर हेडफोन, समोर माइक. लाल दिवा लागला. छातीत श्वास भरला. आणि दिवा विझला. बायको चहाचा कप घेऊन आत आली. तिनं सकाळी डॉक्टरीणबाईंना फोन केला होता.
म्हणाली, “‘माती’तली डरकाळी तुझी नाही. माझी आहे.”
त्या दिवशी मला ताप होता. माझा टेक वाया गेला आणि मी सोफ्यावर जॅकेटं पांघरून झोपलो. स्टुडिओची वेळ संपत आली होती, म्हणून तिनं एकदाच करून टाकली. दुसऱ्या दिवशी ते ऐकून मी रडलो, सगळ्यांना मिठ्या मारल्या. सांगायची कुणाची हिंमत झाली नाही. पुढे मी ती परत मारायच्या नादात घसा फोडून घेऊ लागलो, तेव्हा तिनं प्रत्येक अल्बम मऊ करत नेला. मला ती मारावी लागू नये म्हणून.
खोटं, म्हटलं. मेहुण्याकडे पाहिलं. भावोजी, खरंय, म्हणाला, तेही ड्रमकडे बघत.
मग तिनं डरकाळी मारली. खोल, तळातून, न संपणारी. काच थरथरली. मानेवरचे केस उभे राहिले. तो आवाज मी माझ्या आवाजापेक्षा जास्त ओळखतो.
कपातला चहा सांडला नाही. नंतर ती तो प्यायली.

१० मार्च
बोलायचं नाही, डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे. राग पाटीवर लिहावा लागतो. पाटी लहान आहे.

२२ मार्च, हॉस्पिटल
गाठ काढली. तपासायला गेलीय. बायको खुर्चीत बसून आहे. पाटीवर लिहिलं : आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, तू इतका खूश होतास रे.
सात वर्षं मी बायकोची नक्कल करत होतो. तीही वाईट.
भीती वाटतेय. हे पाटीवर लिहिलं नाही. तरी तिनं हात धरला.

६ एप्रिल
गाठ साधी निघाली. बायको कॉरिडॉरमध्ये जाऊन रडली. मीही. माझ्या रडण्याला आवाज नाही.

१४ मे, संध्याकाळ
चौथ्या अल्बमचा कार्यक्रम. माझ्याकडे धुराचं मशीन. बोलायला अजून बंदी. शेवटी बायकोनं ती डरकाळी मारली आणि हॉल वेडा झाला. डोळ्यांत काजळ घातलेल्या एका चाहत्यानं मला गाठून सांगितलं की सर, तुमची डरकाळी टेपवरून वाजवलीत ना, वहिनी मस्त ओठ हलवत होत्या. पाटीवर लिहिलं : आवाज तिचा आहे. पहिल्या अल्बममधलासुद्धा. तो पोट धरून हसला. पाटीसकट माझा फोटो काढला.

३ जून, ऑफिस
डॉक्टरीणबाईंनी बोलायला परवानगी दिली. डरकाळी आयुष्यात नाही, पण फ्रीजच्या तक्रारींना आवाज पुरेल म्हणाल्या. साहेबांनी परत फोनवर बसवलं. नवा संकल्प : हळू, स्वच्छ बोलायचं.
पहिलाच फोन. नमस्कार म्हटलं.
पलीकडच्या आजोबांनी विचारलं, ताई, मेकॅनिक कधी येईल?
उद्या, म्हटलं.