पंख्याच्या रंगाची सायकल

अण्णा, पान्याने सायकलच्या नळीवर टिचकी मारून तुम्ही काढायचात तो ‘टण्ण’ आवाज मुलुंडच्या या बाल्कनीत बसून मला अजून ऐकू येतो. पाहुण्याचा चहा संपतो न संपतो तोच त्याला जिन्याखाली न्यायचात, टिचकी मारायचात आणि म्हणायचात, “अस्सल विलायती लोखंड. गाता बघा!” मला ते खरंच गाणं वाटायचं. दांडीवर बसून मी शाळेतल्या कविता त्या तालावर म्हणायचो. आता कीव येते, माझी थोडी आणि तुमची बरीच.

तुमच्या माघारी आता आठवडाभर मी तुमची फ्रेम खरवडतोय. रंग काढायचं औषध लावायचं, रंग साईसारखा सुरकुतला की पत्र्याने ओढायचा, मग पॉलिश पेपर. क्रीम, त्याखाली हिरवट, त्याखाली परत क्रीम. पंख्यांच्या कारखान्यातला उरलेला रंग तुम्ही जेवणाच्या डब्यातून आणायचात. आपल्या घरात पंखा नव्हता, पण फळी, खुर्ची, मोरीचं दार, सगळं घर पंख्याच्या रंगाचं होतं. भिंतीला ओल आली, मारा रंग. खुर्चीला वाळवी लागली, मारा रंग. एकदा मी म्हटलं, आधी गंज तरी घासूया. तुम्ही ब्रशसुद्धा थांबवला नाहीत. “वरसून मार रे. आतला कोण बगता?” एवढंच तुमचं तत्त्वज्ञान. आईचा खोकलाही तुम्ही चारचौघांत ‘जरा हवा लागली’ म्हणून रंगवून टाकलात, थेट ती जाईपर्यंत.

परवा खालच्या नळीच्या मधोमध लांबी, रंगाऱ्यांची पुट्टी, भरलेली दिसली. उकरली, तर आत पितळेचा ओबडधोबड जोड. तुमची विलायती फ्रेम तुटून जोडलेली होती, अण्णा! मी तिथे पाना मारून बघितला. ‘थड्’. म्हणजे जन्मभर तुम्ही बरोबर वरची नळी वाजवत होतात. मी एकटाच हसलो आणि ठरवलं, आता रंग नाही. नुसतं पारदर्शक लॅकर, जोडासकट. बघू दे लोकांना आतलं.

कुर्ल्याला तुमच्या लाडक्या लेकीला फोन करून हे सांगितलं. हसेल असं वाटलं होतं.

“दादा, त्या गाडीवर आईचा हात फिरलाय. सगळी खरवडलीस तर तुझ्या दारात पाय ठेवणार नाही, सांगून ठेवते.”

“आईचा कसला? रंग सगळा अण्णांचा.”

“तुला कविता तेवढ्या पाठ होतात रे. माणसं नाही,” म्हणाली आणि फोन ठेवला.

काल हँडलखालच्या नळीवर पत्रा लावला, तर औषधाआधीच एक पोपडा सुटून हातात आला. खाली लालसर बोट. खंडेनवमीला आई सायकलची पूजा करायची, ती इथेच. कुंकवाचं बोट शेवटी जरा खाली ओढायची, अर्ध्या वेलांटीसारखं. तीच ओढ. तुम्ही पुढच्या वर्षी ते पुसायचीही तसदी घेतली नाहीत, तसाच ब्रश फिरवलात. काय तो आळस! त्या आळसामुळे आई तेवढी राहिली. तुमचं प्रेमबिम होतं असं कुणी म्हणालं तर मी मानणार नाही. बाकीची फ्रेम मात्र लख्ख केली, उघडी, आणि आज सकाळी लॅकर मारलं. फक्त ते बोट आणि त्याखालचा तुमचा क्रीम रंग, तीन बोटं रुंद, तसाच ठेवून त्याच्यावरूनही लॅकर मारलं. हे तुम्हांला कळवणार नव्हतो.

बेल वाजली. उठून दाराच्या भोकातून बघितलं, तर कुर्ल्याची बाई उभी, जिना चढून धापा टाकतेय. “उघड रे दादा! वास खालपर्यंत येतोय. उरलंय काही, की वाट लावलीस सगळ्याची?”

हा कागद खणात जाईल, तुमच्याकडे कुठला यायला. लॅकर अजून चिकट आहे, तिने हात लावला तर बोट उमटेल. उमटू दे.