काठी कोणत्या हातात

ता. ३ फेब्रुवारी

चि. ठकीस,

आत्याचे अ. आ., आणि तुझा सिनेमा पाहूनही ते कमी झालेले नाहीत, हे आधी सांगते. वि. वि.

पेनड्राइव्ह औषधाच्या दुकानातल्या बाईंकडे सुखरूप पोचला. त्यांनी तो खोकल्याच्या बाटलीबरोबर कागदात गुंडाळून दिला. तूही उत्तर त्यांच्याच पत्त्यावर पाठव. घरी आलेलं पाकीट दादा आधी फोडतो, आणि फोनवर बोलावं तर आवाज मोठा कर म्हणतो, त्यालाही ऐकायचं असतं. तुझे बाबाच ते, तुला वेगळं काय सांगू.

सिनेमा तीन दुपारी मिळून पाहिला. दादा वर झोपला की स्वयंपाकघराच्या ओट्यावर लॅपटॉप मांडायचा आणि आवाज अगदी बारीक ठेवायचा. गुणदोष हातचं न राखता सांग, असं तूच लिहिलं होतंस. सव्वीस वर्षं ऑपरेशन थिएटरात काढलेल्या बाईला सुऱ्यांचा सिनेमा दाखवलास, आता भोग.

आधी चांगलं. मी घाबरले. जिन्याच्या खाली कॅमेरा ठेवून तू नुसता काळोख दाखवलास आणि वर पावलं वाजवलीस, तिथे माझा हात तोंडावर गेला. मुखवटा परवडला नाही म्हणून खुन्याचा चेहराच दाखवला नाही म्हणतेस, ते बरंच झालं. आणि ती नायिका गुणाची पोर आहे. घाबरली की किंचाळत नाही, ओठ चाटते. टेबलावर घेतलेले पेशंट तसंच करतात, हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे.

आता दोष. रक्त पहिल्यापासून शेवटपर्यंत लालभडक. अगं, अर्ध्या तासात ते काळपट पडतं, आणि सरबतासारखं ओघळत तर मुळीच नाही. पोटात सुरी बसलेला तो भाडेकरू चांगली दोन मिनिटं बोलतो. मला वाटलं, आता आभारप्रदर्शनही करणार. आम्ही टाके घालायच्या आधी सगळी हत्यारं आणि कापूस मोजतो, त्या सवयीने तुझ्या सुऱ्या मोजल्या. फळीवर सात होत्या, खुन्याने दोन उचलल्या, पुढच्या दृश्यात फळीवर सहा. मी जन्मात एकदाही मोजणीत चुकले नाही, आणि तुला सात सुऱ्या सांभाळता आल्या नाहीत.

सगळ्यात मोठा दोष म्हणजे ते मागचं दार. नवव्या मिनिटाला तूच दाखवतेस की त्याला नुसती कडी आहे, कुलूप नाही. मग ही बया तासभर घरातल्या घरात का पळते? तीनदा दारापर्यंत जाते, वरून तो पाय अधू झालेला मामा हाक मारतो, आणि ही परत जिना चढते. मला राहवेना, मी ओट्यापाशी उभी राहून तिला जा म्हणून सांगत होते. याचे दहा गुण कापले.

आणि तो मामाच खुनी आहे, हे मला बाविसाव्या मिनिटाला कळलं. उजवा पाय दुखतो म्हणतो आणि काठीही उजव्याच हातात! पाय खरंच दुखत असेल तर काठी दुसऱ्या हातात लागते, तरच भार हलका होतो. दुखणाऱ्याला ते दोन दिवसांत कळतं. सोंग करणाऱ्याला नाही कळत. त्या नटाला कुणी शिकवलं नाही का? एकूण शंभरपैकी अठ्ठेचाळीस.

इकडचं नेहमीचंच. दादाच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस म्हणून आले, त्याला परवा तीन वर्षं झाली. त्याचं दुखणं काही हटत नाही. औषध आणायला मला चाळीस मिनिटं मिळतात, एक्केचाळिसाव्याला फोन येतो. एक गंमत सांगायची राहिली. नर्सिंगच्या शाळेचं पत्र दुकानातल्या बाईंच्याच पत्त्यावर आलंय, नव्या मुलींना थिएटरचं काम शिकवायला मला बोलावतात. राहायला खोलीही आहे. २५ तारखेच्या आत कळवायचंय. पत्र साखरेच्या डब्यामागे ठेवलंय आणि रोज एकदा काढून वाचते. पण दादाला असं टाकून कसं जायचं? वरून हाक आली, थांबते.

लोभ आहे तेवढा राहू दे, गुण वाढवून मात्र मागू नकोस.

तुझी आत्या

ता. ९ फेब्रुवारी

ती. आत्यास,

काठावर नापास होता होता वाचलेल्या भाचीचा सा. न. वि. वि.

आभारप्रदर्शन वाचून मी इतकी हसले की शेजारच्या खोलीतून आमचा संकलक बघायला आला. ते भाषण आज कापून टाकलं. सुरीचा गुन्हा कबूल. आमच्यातल्याच कुणीतरी तिने पाव कापला आणि शहाण्यासारखी जागेवर नेऊन ठेवली. रक्त बिटाच्या रसाचं होतं, ते काळं पडायला तयार नाही, त्याला मी काय करू?

मागच्या दाराची खरी हकीकत ऐक. ते उघडलं की घरमालकांच्या वाळत घातलेल्या चादरी दिसायच्या, आणि त्या काढायला ते राजी नव्हते. म्हणून दार बंद ठेवलं. मग ती बाहेर का पडत नाही याला कारण हवं होतं, तर मला ती वरून येणारी हाक सुचली. कुठून सुचली ते तेव्हा कळलं नाही. तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीशी आले तेव्हा कळलं.

आता पुढचं बसून वाच. त्या नटाला शिकवलं होतं. मीच शिकवलं. सप्टेंबरात मी तुमच्याकडे आले होते, निघताना तू स्वयंपाकघरात होतीस आणि बाबा मला फाटकापर्यंत सोडायला आले. गाडीत बसल्यावर मी मोबाइलवर त्यांचं चित्रण केलं, आठवण म्हणून. मामाचं काम करणाऱ्याला मी तेच दाखवलं आणि असंच चाल म्हटलं. तुझं पत्र आल्यापासून ते वीसेक वेळा पाहिलं. काठी उजव्या हातात आहे. ऑपरेशनही उजव्याच खुब्याचं ना? आणि मी गेले असं वाटून ते वळले, तेव्हा काठी काखेत आहे आणि चाल झपझप.

आत्या, मी डॉक्टर नाही. ते माझे बाबा आहेत, त्यांच्याबद्दलचं हे वाक्य चारदा खोडून लिहिलंय. पण पंधरा दिवसांत परत येऊन तुला मोकळं करते असं मीही तुला म्हणाले होते. तू तिथे थांबलीस म्हणून मी इथे सिनेमा केला. मला त्याची लाज वाटते, अगदी मनापासून वाटते. शाळेला कळवलंस का?

तुझा लोभ मी धरूनच चालते, त्यात गुण कापू नकोस.

तुझी ठकी

ता. १७ फेब्रुवारी

चि. ठकीस,

अ. आ. आज याहून गोड काही लिहवत नाही. वि. वि.

पत्र वाचून आधी तुझाच राग आला. बापाचं चालणं नटाला शिकवतेस म्हणजे काय? दुकानातल्या बाईंच्या बाकावर बसून ते तीनदा वाचलं. माझ्यासमोर तो काठी डाव्याच हातात धरतो. पहिल्या आठवड्यात मीच तसं शिकवलं होतं आणि तेव्हापासून मी कधी निरखून पाहिलंच नाही. आपलं माणूस दुखतंय म्हटल्यावर कोण निरखून बघतं?

शनिवारी औषधाला म्हणून निघाले आणि दहाव्या मिनिटाला, आधीच कडी काढून ठेवलेल्या मागच्या दाराने आत आले. दादा बैठकीच्या खोलीत स्टुलावर उभा होता. दोन्ही हात वर करून भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होता. काठी दाराच्या मुठीला अडकवलेली. मी जागच्या जागी थिजले. नुसती ओठ चाटत होते. घड्याळाच्या काचेत त्याला मी दिसले, आणि त्याचा हात झटकन खुब्यावर गेला. डाव्या खुब्यावर.

मग स्टुलावरच बसला आणि सगळं सांगितलं. दुखणं दुसऱ्याच वर्षी थांबलं होतं. बरं वाटतंय म्हटलं की मी जाणार, आणि एकट्याला घर खायला उठतं, म्हणून बोलला नाही. लहान पोरासारखा रडला. मी त्याला वाटेल तसं बोलले. तीन वर्षांचं एकदम बोलले.

पण राग दोन दिवसांच्या वर टिकला नाही, ठके. बॅग भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. काल मागच्या दाराची कडी काढून उभी होते, तेवढ्यात त्याने वरून पाणी मागितलं, आणि माझे पाय आपोआप जिन्याकडे वळले. सोंग आहे हे ठाऊक असताना वळले. आता माझी मिनिटंसुद्धा कुणी मोजत नाही, तरी मी घरातच. मोजणीत कधी चुकले नाही अशी फुशारकी तुला मारली होती. टाके घालून झाले आणि आत मीच राहिले.

तेव्हा तुझे ते दहा गुण परत. चूक तपासणारीची होती.

तू इकडे यायचं काढशील, मला माहीत आहे. येऊ नकोस. तू आलीस तर हाक तुला येईल, आणि तीही तुझ्या बापाची. २५ तारखेला अजून आठ दिवस आहेत.

लोभ कर आणि लांबूनच कर.

तुझी आत्या

ता. ११ मार्च

चि. ठकीस,

अ. आ. पाकिटावरचा पत्ता नीट उतरवून घे. इथे माझी पत्रं मीच फोडते. वि. वि.

पहिल्याच आठवड्यात तुझा सिनेमा वर्गात लावला. रक्तावर सगळ्या पोरी हसल्या. काठीपाशी थांबवून मी चूक विचारली, तर सतराजणींत एकीलाच सांगता आली. शेवटी एक धिटुकली उठली आणि ती नायिका मागच्या दाराने का जात नाही, एवढी कशी बावळट, असं विचारू लागली. मी तिला म्हटलं, सिनेमा पुन्हा बघ, आणि या वेळी सुऱ्यांकडे बघू नकोस, हाकेकडे कान दे. एकूण गुण आता अठ्ठावन्न. साठ द्यायला जीव होत नाही, रक्त फारच वाईट आहे.

कशी निघाले ते तुला सांगायला हवं. २३ तारखेला दुपारी त्याने वरून पाणी मागितलं. मी जिन्याच्या खालच्या पायरीशी गेले, कठडा घट्ट धरला आणि चढले नाही. पाणी खाली आहे, तूच ये, असं खालूनच सांगितलं. मी तिथेच उभी राहून पायऱ्या मोजल्या. मग तो उतरला. अकरा पायऱ्या, न थांबता. पेला भरला, प्यायला, आणि माझ्याकडे न बघता, कधी निघणार, असं विचारलं. साखरेच्या डब्यामागचं पत्र त्याने केव्हाच वाचलं होतं.

तो दर रविवारी फोन करतो आणि दहा मिनिटांत ठेवतो. परवा भात करपला म्हणून सांगत होता. तूही करत जा त्याला फोन, चिडू नकोस. मला अजून अधूनमधून दचकायला होतं, कुणी हाक मारली असं वाटून. जाईल ते हळूहळू.

निघायच्या दिवशी माझी पत्र्याची पेटी त्याने उचलली. मी नको म्हणत होते, पण त्याने ऐकलं नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरून फाटकापर्यंत आणली आणि गाडीत नीट आडवी ठेवली. काठी आत दाराच्या मुठीलाच राहिली होती.

पुढचा सिनेमा काढशील तेव्हाही लोभ असाच असेल. सुऱ्या मात्र मोजून घे.

तुझी आत्या