भिंतीमागची जागा

बंगळूर, ९ ऑगस्ट १९९९

प्रिय बाबा,

हे पत्र तू नेहमीसारखं शेजारच्या काळुरामकडून वाचून घेशील, म्हणून आधी त्यालाच सांगतो: काळुराम, सगळं वाच, तुझ्याबद्दलचं गाळू नको. तुझ्या सुनेचं, शेवंतीचं पत्र आलं. बाळंतपणाला ती चेंदणीला माहेरी गेली, बरं झालं. परत येण्याबद्दल तिनं काय लिहिलंय ते शेवटी सांगतो.

माझं इथं ठीक आहे. सहावी नापास माणूस कंप्युटरच्या खोलीत कामाला, आई अजून हसत असेल. गेल्या आठवड्यात इथंही हसं झालं. आमच्याकडे खऱ्या कंप्युटरच्या पोटात एक खोटा कंप्युटर चालतो. हात लावायला काही नाही, पण काम अगदी खऱ्यासारखं. त्याची जागा संपली. आमचे श्रीपादसाहेब, आपल्या शेजारच्या डोंबिवलीचेच, म्हणाले, भिवाजी, याची डिस्क, म्हणजे आतली जागा, दोनाची चार कर. केली. चालू करून बघतो तर आत दोनच! मला वाटलं, लागली नाही. सहा केली. दोनच. आठ केली, तसा बाहेरचा खराच तुडुंब भरून बंद पडला आणि अख्खं ऑफिस चहाला गेलं. साहेब म्हणाले, अरे शहाण्या, बाहेरून कितीही वाढव, आतल्याला काय कळतंय? आत शिरून जुनी हद्द सरकवायला नको? मग त्यांनी ती सरकवून दाखवली. दोन मिनिटांचं काम.

मला हसूच आवरेना. साहेबांना वाटलं, नोकरीच्या भीतीनं पोराचं डोकं फिरलं. पण मला कोपरचं आपलं घर दिसलं, बाबा. स्वतः विटा वाहून तू आम्हा दोघांसाठी मागे खोली बांधलीस आणि मधल्या भिंतीला दारच पाडलं नाहीस, कारण तिच्यावर खंडोबाचा देव्हारा. शेवंती काळुरामच्या कोंबड्या चुकवत, त्याच्या अंगणातून वळसा घालून खोलीत जायची आणि हा रोज विचारायचा, काय वहिनी, गावाला निघालात? शेवटी तिनं जाणंच सोडलं. मागे तुझी मासेमारीची जाळी ऐसपैस, आणि आपण चौघं पुढच्या खोलीत. मी म्हटलं, देव हलवू. तू म्हणालास, देव हलणार नाही, तुला हलायचं तर हल. मीपण तुझाच पोरगा, थेट बंगळूरला हललो.

नारळी पौर्णिमेला येतोय. शेवंतीनं लिहिलंय, घरातून दार होईल त्या दिवशी बाळाला घेऊन येते, काळुरामच्या अंगणातून येणार नाही. नारळ फोडून देवाला विचारायचं ते घरच्या मोठ्यानं, ही रीत मी मोडत नाही. तू विचार, घण मी मारतो. देव नाही म्हणाला तर पुन्हा विचार. तोवर मी ओट्यावर बसून राहीन. या वेळी हलणार नाही.

तुझाच, तुझ्याएवढाच हट्टी,
भिवाजी