उणे अठरा

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१०
फ्रीझरचं तापमान उणे सहा. असायला हवं उणे अठरा.
रात्री लावलेला बर्फ सकाळपर्यंत धड जमला नव्हता. वरचा पापुद्रा बोटाने फुटला. लगेच थर्मामीटर काढला. कंपनीतून रिटायर होताना मी नारळ-शालीऐवजी हाच मागून घेतला होता.
आजपासून नोंद ठेवणार. कॅलिब्रेशन रजिस्टरची बरीच पानं कोरी आहेत.
आतला माल: बर्फाचा ट्रे १. क्षिप्राने पाठवलेले डबे ७, मागच्या भिंतीशी रचलेले. सरोजने सोललेल्या वालाची पाकिटं ३.
डबे आणि ट्रे गेले तरी चालतील. पाकिटं जाता कामा नयेत. सरोजने गेल्या नोव्हेंबरात वाल भिजवले, मोड आणले, एकेक दाणा सोलला आणि पाकिटं भरून ठेवली. पंधरा दिवसांनी ती गेली. पाकिटांवर तिच्या अक्षरात लिहिलंय: ‘अद्वयसाठी. हात लावू नका.’ हे ‘नका’ मला उद्देशून. घरात दुसरं होतं कोण?
अद्वय २१ला कॅनडाहून येतोय. २२ला वर्षश्राद्ध. २३ला त्याला आईच्या हातच्या वालाची उसळ. असा प्लॅन.
मेकॅनिक बोलावणार नाही. चौतीस वर्षं मोजमापात घालवलेल्या माणसाने फ्रिजवाल्यापुढे हात जोडायचे म्हणजे झालंच. रविवारपर्यंत काम फत्ते.

४ नोव्हेंबर, मंगळवार. रात्री ८
दर तासाला दार उघडून रीडिंग घेतलं. एकूण चौदा. सकाळी उणे सहा, आता उणे पाच.
निष्कर्ष: डेटा अपुरा आहे. उद्यापासून दर अर्ध्या तासाने.
दार उघडलंच आहे तर पाकिटं दाबून बघतो. कडक आहेत.

५ नोव्हेंबर, बुधवार
सलिल डबा देऊन गेला. जावयाचं ऑफिस मानपाड्याला, त्यामुळे दर बुधवारी आणि शुक्रवारी कल्याणहून येताना क्षिप्राने दिलेला डबा टाकून जातो. फ्लॉवरची भाजी, पोळ्या. फ्रीझरमध्ये ठेवला. उद्या खाईन.
संध्याकाळी क्षिप्राचा फोन. डबा कसा होता विचारलं. छान होता म्हणालो, मीठ जरा कमी. नुसतं छान म्हटलं तर तिला संशय येतो.
फ्रीझरचं सांगितलं. म्हणाली, बाबा, सरळ मेकॅनिक बोलवा ना, नाहीतर ती पाकिटं माझ्याकडे द्या, सलिल येईल घेऊन. मी समजावलं की डोंबिवली ते कल्याण भर ट्रॅफिकमध्ये पाऊण तास म्हणजे मालाला किती धोका. ती गप्प झाली. पटलं असावं.
अद्वयला मेसेज केला: २३ला वालाची उसळ, आईने सोललेले वाल. त्याने नुसता अंगठा पाठवला. भरून आलं असणार त्याला. लिहवलं नसेल.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
दुपारी तीन तास लाइट नव्हती. अंधारात सुचतं ते उजेडात सुचत नाही. लहानपणी शहाडला बर्फाची लादी यायची ती गोणपाटात आणि भुशात गुंडाळून. आतला गारवा आत, बाहेरची उष्णता बाहेर. इतकं साधं.
माळ्यावरून सरोजची गोधडी काढली. तिच्याच सहा साड्यांची आहे. फ्रिजच्या दोन्ही बाजूंनी आणि मागून गुंडाळली, बॅगेच्या पट्ट्यांनी आवळली. दार मोकळं ठेवलं, रीडिंगसाठी.
शेजारच्या जयाताई कोथिंबीर द्यायला आल्या. बघून म्हणाल्या, अहो, फ्रिजला थंडीताप आलाय का? अज्ञानाला उत्तर देत बसलो नाही.
शुक्रवारचा डबा: आमटी-भात. ठेवला.

८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ७.१०
गोधडीखाली हात घातला. फ्रिजच्या बाजू चांगल्याच तापल्यात. म्हणजे आतली उष्णता बाहेर येते आहे. सिद्धांत सिद्ध.
रीडिंग उणे तीन.
सिद्धांत बरोबर असताना रीडिंग चुकतं याचा अर्थ थर्मामीटर बिघडला. तपासायला बर्फाचं पाणी लागतं. घरच्या बर्फावर विश्वास नाही म्हणून जयाताईंकडून वाटीभर आणला. थर्मामीटरने बरोब्बर शून्य दाखवलं. अतिशय त्रासदायक.
जयाताई म्हणाल्या, पाकिटं आमच्या फ्रीझरमध्ये ठेवा की, जागा आहे. सरोजने सोललेले वाल आणि त्यांच्या फ्रीझरमधली सुकट, शेजारी शेजारी. आभार मानले आणि निघालो.

१० नोव्हेंबर, सोमवार
दाराच्या रबराची चाचणी. कॅलेंडरचं ऑक्टोबरचं पान फटीत धरून दार लावलं आणि ओढलं. पान फाटलं. रबर उत्तम.
बटण तीनवरून सातवर.
दर पंधरा मिनिटांनी रीडिंग. त्यामुळे झोपेचे तुकडे पडतायत, पण सरोज गेल्यापासून झोप सलग नव्हतीच. निदान आता काम तरी आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार
डबा आला. जागा नव्हती. पाकिटं पुढे ओढली, बाकीचे डबे मागच्या भिंतीला घट्ट रेटले आणि हा बसवला. हे चांगलंच झालं. भरलेला फ्रीझर जास्त थंड राहतो असं वाचलंय. म्हणजे क्षिप्राचे डबे हे जेवण नसून यंत्रणेचा भाग आहेत. तिला सांगायला हवं, पण तिला यातलं तांत्रिक कळणार नाही.
रात्री चहा-टोस्ट.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
दूध नासलं. दूधवाल्याला झापलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी ४
शून्य.
पाकिटं दाबली. नरम म्हणणं अतिशयोक्ती होईल. पूर्वीइतकी कडक नाहीत, एवढंच.
डबा क्र. ११: पडवळ. ठेवला.
आज एक लिहूनच टाकतो. गेल्या वर्षी सरोज इथेच, या टेबलाशी, वाल सोलत बसली होती. म्हणाली, या ना, दोन-चार मूठ सोलून द्या, गप्पा मारू. मी आतल्या खोलीत घरातली तिन्ही घड्याळं जुळवत होतो. बेडरूमचं आणि हॉलचं यात चाळीस सेकंदांचा फरक होता. आलोच म्हणालो. घड्याळं जुळली तेव्हा तिची पाकिटं भरून झाली होती.
याचा फ्रीझरशी संबंध नाही. पण मला वाईट वाटतं. फार वाईट वाटतं.
रीडिंग ४.१५: शून्य.

१६ नोव्हेंबर, रविवार
स्वयंपाकघरात वास येतोय. जयाताईंकडची सुकट. खिडकी लावून घेतली.
खिडकी लावल्यावर वास वाढला. वालाला मुळात उग्र वास असतोच, हे खाणाऱ्यांना माहीत आहे. मी वालाचा मोठा खाणारा. पण ही पाकिटं अद्वयची, त्यामुळे तो मुद्दा गौण.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
अधिक चार.
गोधडीवर सोलापुरी चादर घातली. पट्ट्या आणखी आवळल्या. अजून तीन दिवस हातात आहेत. कंपनीत यापेक्षा वाईट परिस्थितीतून मशिनं बाहेर काढली आहेत.
काढणारा आमचा फिटर आनंदा होता. मी रीडिंग सांगायचो. पण रीडिंगशिवाय त्याने काय केलं असतं?

१९ नोव्हेंबर, बुधवार
आज डबा घेऊन क्षिप्रा स्वतःच आली. न कळवता.
मी थांब म्हणेपर्यंत तिने फ्रीझर उघडला. नाक धरलं नाही. मग एकेक डबा काढून ओट्यावर मांडला. अकरा. प्रत्येकावर तिने चिठ्ठी चिकटवलेली असते, तारीख आणि भाजी. तिने सगळ्या वाचल्या. तिला वाटलं होतं तिचे बाबा जेवतायत.
विचारलं, मग तुम्ही खाता काय? मी म्हणालो, टोस्ट. आणि कधी कधी पोहे. डबा उघडला की एकट्याला घास उतरत नाही, हे मी म्हणालो नाही. ती आत जाऊन तोंड धुऊन आली. त्यावर मी थर्मल मासचा, म्हणजे भरलेला फ्रीझर जास्त थंड राहतो हा, मुद्दा मांडायला सुरुवात केली. ती म्हणाली, बाबा, प्लीज.
तिने चादर काढली, गोधडी काढली, घडी घातली. घडीवर जरा हात ठेवून उभी राहिली. मग फोन केला. मानपाडा रोडवरचा कुंडलिक म्हणून मेकॅनिक अर्ध्या तासात आला. विशी-बाविशीचा नाही, चांगला पन्नाशीचा, चष्मेवाला. मला अपेक्षित नव्हता असा.
त्याने नऊ मिनिटं घेतली. मी मोजली. म्हणाला, काका, फ्रिजला काय झालेलंच नाही. मागच्या जाळीतून थंड हवा येते, तिच्यावर तुम्ही डब्यांची भिंत घातलेली. गरम हवा बाजूंनी बाहेर पडते, ती गोधडीने अडवलेली. आणि मला सांगा, दार दिवसातून किती वेळा उघडायचात?
मी रजिस्टर दिलं. त्याने पानं उलटली. दोन-तीन पानांवर बोट ठेवून थांबला. मग रजिस्टर मिटून दोन्ही हातांनी परत दिलं. टिंगल केली असती तर बरं झालं असतं.
पहिलं पाकीट क्षिप्राने उघडलं. आत फेस आणि तार. मी म्हणालो, दुसरं चांगलं असेल. ते उघडलं. मी म्हणालो, तिसरं मधलं होतं, त्याला झळ कमी लागली असणार. तिने तेही उघडलं.
पिशवीला गाठ मारून ती खाली टाकून आली. मी एका पाकिटाची चिठ्ठी ठेवून घेतली. शाई पसरली आहे. ‘हात लावू नका’ एवढं वाचता येतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
अद्वय आला. बारीक झालाय. पाकिटांचं काही सांगितलं नाही. २३ला जिभेवर येईल ते सांगू.

२२ नोव्हेंबर, शनिवार. रात्री ९
वर्षश्राद्ध पार पडलं. गुरुजी वेळेवर आले.
जेवणं झाल्यावर सांगून टाकलं. तुझे वाल गेले रे, माझ्यामुळे गेले, आईने तुझ्यासाठी ठेवलेले. हे बोलताना माझा आवाज बरोबर लागला नाही.
अद्वय क्षिप्राकडे बघायला लागला. मग म्हणाला, बाबा, मी वाल खात नाही. लहानपणापासून नाही खात. तुम्हाला आवडतात वाल. तुमचं नाव टाकलं असतं तर तुम्ही दोन दिवसांत तिन्ही पाकिटं संपवली असतीत, म्हणून आई नेहमी माझं नाव लिहायची. पुरवून पुरवून तुम्हालाच करून घालायची. तुम्हाला माहीत नव्हतं?
क्षिप्रा म्हणाली, दादा, राहू दे.
पोराला वाल आवडतात की नाही, ही नोंद बत्तीस वर्षांत माझ्याकडे नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.१०
उणे अठरा. बरोब्बर.
आत बर्फाचा ट्रे १. बाकी काही नाही. पुढचं रीडिंग घेण्याचं कारण दिसत नाही.

दुपारी १
अद्वय मित्राकडे ठाण्याला गेलाय. टोस्ट संपलेत. क्षिप्राने काल फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवलेला डबा गरम केला आणि टेबलाशी बसून खाल्ला. फ्लॉवर.
मीठ बरोबर होतं.