तिनं माफी मागितली नव्हती

माय, काल अमरावतीला तो बोलपट पाहून आले आणि अजून अंगावरची शिसारी जात नाही. तुझ्या त्या आवडत्या कादंबरीवरचा. विधवा सुनेला वाचता येतं हे कळल्यावर सासरा तिला कोंडून ठेवतो, आणि एके सकाळी ती लेकीला कडेवर घेऊन घराबाहेर पडते, ती. तेल्हाऱ्याला सासरी तू ती चोरून वाचलीस आणि बाबा गेल्यावर मला घेऊन अकोल्याला आलीस, मुलींच्या शाळेत शिकवायला.

कालची नटी विधवा म्हणून नेसते काय, तर झुळझुळीत रेशीम! कोंडलेल्या खोलीत गाणं म्हणते, पेटी-तबल्यासकट. डोळ्यांतून धारा, पण काजळ जागचं हलत नाही. शेवटी सासऱ्याच्या पायांवर पडते आणि लाडिक, नाकातल्या आवाजात म्हणते, "मामंजी, मी चुकले." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारची बाई डोळे पुसत मला म्हणाली, "किती गुनाची पोर हाय!"

पहिली तरी कुठे बरी होती? मी लहान असताना अकोल्याला तंबूत याच कादंबरीवरचा मूकपट आला होता, तू मला घेऊन बायकांच्या बाजूला बसली होतीस. त्या नटीचे डोळे कोळशानं रंगवल्यासारखे. ती छाती बडवते, खांबावर कपाळ आपटते, आणि तू चिडून पुटपुटतेस, "कावून आपटून राहिली थे डोकं? पुस्तकात एक टिपूस नाही काढत." पडद्यावर अक्षरं आली की तू मोठ्यानं वाचतेस, कारण भोवतालच्या बायकांना वाचता येत नाही. नटी सासऱ्यासमोर हात जोडते. अक्षरं उमटतात: 'मला क्षमा करा.' एवढं मात्र तू वाचत नाहीस.

"काय म्हन्ते वो बाई थे?" मागची माळीण विचारते.

"म्हन्ते, मी चालली. दार उघडा."

"मंग हात कावून जोडले?"

"जातानी नमस्कार नाही करत का आपण?"

"बरं केलं माय तिनं!" माळीण म्हणाली. मला नुकती अक्षरं जुळवता येत होती. मी तुझ्या तोंडाकडे बघत राहिले. पुरुषांच्या बाजूनं कुणी ओरडलं, "ओ मास्तरीणबाई, तसं नाही लिवलेलं थे!" मागे वळूनही न बघता तू म्हणालीस, "लिवणाऱ्याचं चुकलं."

तंबूत हशा झाला, पण गोष्ट शाळेपर्यंत गेली. विधवा बाई सिनेमाला जाते, वर चारचौघांत तमाशा करते, म्हणून चिटणीसांनी माफी मागायला सांगितलं. तू घरी आलीस, चूल पेटवलीस आणि एवढंच म्हणालीस, "उद्या आपण पातूरले मामाकडे जाऊन राहिलो." नोकरी गेली. मामाच्या मळ्यात तू वांगी तोडलीस, मेथीच्या जुड्या बांधल्यास, आणि संध्याकाळी मळ्यातल्या बायकांना तीच कादंबरी वाचून दाखवलीस, एक अक्षर न बदलता.

आता पडदाच बोलतो. नटीनं चुकले म्हटलं की सगळ्यांना ऐकू जातं, मध्ये तोंड घालायला कुणाला जागा नाही. याचाच जास्त संताप येतो.

तू राहिली नाहीस, हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. बोलपटात एकदा लेक काहीतरी बोबडं बोलते आणि ती नटी पटकन पदर तोंडावर धरून हसते. तेवढंच. तू तशी हसायचीस की नाही, मला आता आठवत नाही. तरी उद्या दुपारच्या खेळाला मी पुन्हा जाणार आहे.